लो-कार्ब जेवणात भाकर परत आणायची आहे: ज्वारी, गहू की ब्रेड?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला, वय ४८, कोरडवाहू शेती. दिवाळीनंतर तपासणीत शुगर निघाली, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१ होतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पीठ-भात कमी करा म्हणाले. मी पूर्णच बंद केलं. पोळी, भाकर, भात, आलू, साखर, काहीच नाही. तेव्हापासून घट्ट वरण, पालेभाजी, अंडी, दही, शेंगदाणे, जवसाची चटणी, मधूनमधून कोंबडी, असं जेवण आहे. वजन चांगलं उतरलं आणि एचबीए१सी आता ६.३ आहे.

पण मृग लागला, पेरणी तोंडावर आली. सकाळी सहाला दोन अंडी खाऊन वावरात जातो आणि साडेदहापर्यंत पायातलं बळ जातं, हात थरथरतात. पुढे डवरणी, निंदण, फवारणी आहेच. घरात दोन स्वयंपाक होतात ते वेगळं. आई तर माझ्यासमोर भाकर खातच नाही, मी उठून गेलो की मग ताट वाढून घेते. हे मला फार लागतं.

साखर वाढू द्यायची नाही, पण भाकर ताटात परत पाहिजे. सुरुवात ज्वारीपासून करू की गव्हाच्या फुलक्यापासून? मुलगी अमरावतीहून ब्राउन ब्रेड आणते, "हा चालतो" म्हणते, तो खरंच चालतो का? किती खायचं आणि कोणत्या वेळी? ज्यांनी हे स्वतः केलं आहे त्यांनी सांगावं.

ठेचा_भाकर

खा ना भाऊ बिनधास्त! भाकर सोडून मानूस वावरात काम कसा करन? आमचा आजा न्याहारीले दोन भाकरी अन् ठेचा, दुपारी परत दोन, रातच्याले कन्या-ताक. ऐंशीच्या वर जगला, त्याले शुगर काय असते हे बी माहीत नव्हतं. भाकरीनं शुगर होत असती तं सारं वऱ्हाड कवाच आजारी पडलं असतं.

डवरा_फेर

ठेचा_भाकर, आज्याची भाकर सांगितली तशी आज्याची मेहनतबी सांगा ना. तो दिवसभर बैलामागं चाले. आज नांगरट ट्रॅक्टरनं, फवारणीचा पंप बॅटरीचा, तणाले तणनाशक, अन् वावरात जाताना बुडाखाली फटफटी. चालणं गेलं, भाकर तेवढीच राहिली. वरून दिवसातून चार-पाच चहा, त्यात दोन-दोन चमचे साखर. हे आज्याच्या काळी नव्हतं.

ठेचा_भाकर

हे मात्र खरं हाय. चहाचं बोललात ते तं माह्यावरच बोललात.

सिस्टर_वर्धा

पूर्णाकाठ दादा, आधी एक सांगा, गोळी कोणती चालू आहे? मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि तुमच्या पोस्टमधली भाकर नंतर, "साडेदहाला हात थरथरतात" हे वाक्य मला आधी दिसलं.

तुमच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर ती जेवलात तरी आणि नाही जेवलात तरी इन्सुलिन सोडायला लावते. सकाळी गोळी, वर दोन अंडी, त्यात कर्ब (पीठ-भात-साखरेतली कर्बोदकं) जवळपास शून्य, आणि मग साडेचार तास उन्हात चालणं. यात साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढं अंधारी, चिडचिड ही तीच लक्षणं. ग्लुकोमीटर वावरात घेऊन जा आणि तसं वाटेल त्याच वेळी बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा, आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. भाकर परत आणणं आणि गोळीचा डोस ठरवणं ही दोन्ही कामं एकत्रच करायची असतात.

दुसरी गोष्ट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा "-ग्लिफ्लोझिन" गोळ्यांची. त्या चालू असताना कर्ब पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे. साखर नॉर्मल दिसते पण रक्तात कीटोनचं आम्ल वाढतं, उलट्या आणि धाप लागून पेशंट येतो. हे वाचणाऱ्या कुणाची ती गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक लो-कार्ब करू नका.

तिसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत किडनीचे पेशंट बरेच आहेत. अंडी-कोंबडीवर भर देण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, या किडनीच्या तपासण्या एकदा केल्या आहेत का? नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

पूर्णाकाठ

सिस्टर, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी आहे, सकाळची. मीटर घरी आहे, पण मी फक्त उपाशीपोटी बघतो. उद्याच वावरात नेतो. क्रिएटिनिन केलेलं नाही.

केटो_कायम

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. ८.१ वरून ६.३ वर आलात, मग जे काम करतंय ते मोडायचं कशाला? मी अकोल्यात असतो आणि पीठ घरातून कायमचं काढलं आहे. कर्बोदकं ही अत्यावश्यक अन्नघटकांत येत नाहीत. प्रथिनातली आणि स्निग्ध पदार्थांतली काही घटकं खावीच लागतात, पण लागेल तेवढं ग्लुकोज यकृत स्वतः बनवतं. अर्धी भाकर म्हणून सुरुवात होते आणि दोन महिन्यांत माणूस पुन्हा तीन भाकरींवर येतो. माझ्या सख्ख्या भावाचं हेच झालं. बदामाच्या पिठाची रोटी करा, पनीर खा, ताकात मीठ घालून प्या, थकवा जाईल.

काळीमाती

केटो_कायम, तुमची काळजी खरी आहे, पण हे खेड्यात बसवून बघा. बदामाचं पीठ किलोला किती पडतं आणि तालुक्यात तरी मिळतं का? पनीर गावात लग्नालाच दिसतं. एकट्यापुरतं जमेलही, पण सहा माणसांच्या घरात एकाच्या ताटाचा खर्च बाकी पाच जणांच्या ताटाएवढा झाला तर ते जेवण टिकत नाही.

आणि सरकारी धान्य काय येतं ते बघा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, माणशी पाच किलो, २०२३ पासून मोफत. गहू आणि तांदूळ. डाळ त्यात नाही. मजुराच्या घरी पोट भरायला पोळी-भात येतो तो यामुळे. ज्वारी तर आता विकत आणावी लागते, ज्या मातीत ती घरची होती तिथं! आमच्या गावात मी लहान असताना शिवारभर ज्वारी असे. सोयाबीन आलं, कपाशीत बीटी आलं आणि ज्वारी बांधापुरती उरली. उरलेल्या चार ओळी रोही अन् डुकरं खातात, कणसात दाणा भरला की पाखरं उतरतात. राखण कोण करणार? ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी घरची गाय गेली, आणि आपण दही विकत आणायला लागलो. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय.

डवरा_फेर

काळीमाती, शब्दाशब्दाले अनुमोदन. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर वर्षानुवर्षं काम चालू हाय, वाण चांगले हायेत, पण पाखराले वाण समजत नाही. २०२३ आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून झालं, तवा तालुक्यात मेळावे झाले, भाषणं झाली. पुढच्या हंगामात पेरा मात्र सोयाबीनचाच वाढला आमच्या गावात.

ताट_तराजू

मूळ प्रश्नाकडे येते. मी गृहविज्ञान शिकवते आणि ज्वारी की गहू हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते आहेत. त्यात १०० ग्रॅम धान्यामागे तंतू वगळून कर्बोदकं अशी: ज्वारी साधारण ६८ ग्रॅम, गव्हाची कणीक ६४, बाजरी ६२, पांढरा तांदूळ ७८. तंतू ज्वारीत १०, कणकेत आणि बाजरीत ११ च्या आसपास, तांदळात जेमतेम ३. म्हणजे ज्वारी आणि गव्हात कर्बाच्या दृष्टीनं फार फरक नाही, उलट ज्वारी किंचित पुढेच आहे. "ज्वारी आहे, शुगरला चालते" म्हणून लोक दोन भाकरी खातात, आणि तिथेच गणित बिघडतं.

बिघडतं ते आकारानं. घरी वजनकाटा असेल तर एकदा उंडा मोजून बघा. आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकर ८० ते १०० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे एका भाकरीत ५५ ते ६८ ग्रॅम कर्ब. पातळ फुलका २५ ग्रॅम कणकेचा, त्यात १६ ग्रॅम. "एक भाकर" आणि "एक फुलका" ही बरोबरी होऊच शकत नाही, एका भाकरीत चार फुलके बसतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, नग मोजू नका, कोरडं पीठ मोजा. ३० ग्रॅम पीठ म्हणजे २० ग्रॅम कर्ब, हे एकच लक्षात ठेवलं तरी पुरे. तीस ग्रॅमची भाकर तळहाताएवढी होते, थापताना कडा फाटतात, त्यामुळे पीठ उकळत्या पाण्यात भिजवून नीट मळून घ्या.

आणखी एक. भाकरीबरोबर पिठलं खाणार असाल तर बेसनही धरा. हरभरा डाळीत १०० ग्रॅममागे ४७ ग्रॅमच्या आसपास कर्ब असतात. डाळीत प्रथिनं २१ आणि तंतू १५ आहेत, म्हणून ती सौम्य पडते, पण शून्य नाही. भाकरीशी अंबाडीची भाजी, मेथी, वांगं, उसळ, दही यांची जोडी उत्तम. पिठलं असेल त्या दिवशी भाकर अजून थोडी लहान.

प्रगट_दिन

पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी म्हटलं की शेगाव आलंच. गजानन महाराजांचा नैवेद्य तोच. आमच्या गावच्या भंडाऱ्यात मी दरवर्षी पंगतीत वाढायला असतो, आणि डायबेटिस असलेले लोक "प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं" म्हणून दोन-दोन वेळा घेतात. चतकोर भाकर, वाटीभर भाजी घेतली तरी प्रसाद पोहोचतो. मी आता वाढतानाच विचारतो, अर्धी देऊ का? कुणालाही वाईट वाटत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं त्यांना.

ठेचा_भाकर

अन् रोडग्याचं काय? गोवऱ्याच्या विस्तवातला रोडगा, हातानं फोडून त्याच्यात तूप सोडलं की बापा! त्याचा हिशेब सांगा ताट_तराजू ताई. वांग्याची भाजी अन् वरण धरूनच सांगा.

ताट_तराजू

ठेचा_भाकर दादा, मध्यम रोडगा ७०-८० ग्रॅम जाडसर कणकेचा, म्हणजे तीन फुलके. अर्धा खा, भाजी दुप्पट घ्या. वांग्याच्या भाजीत आलू घालू नका म्हणजे झालं.

ठेचा_भाकर

अर्ध्या रोडग्यावर माह्या घरात कोनी उठत नाही ताई, पन आलू काढतो, हे मंजूर.

वरूडची_बाग

मी या वाटेनं गेलो आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दीड-एक वर्ष कडक लो-कार्ब होतो, भाकर-भात बंद. नंतर संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत ज्वारीची अर्धी भाकर सुरू केली आणि दोन तासांनी मोजलं तर २१० च्या वर. मी घाबरलो. केटो_कायम म्हणतात तेच मलाही वाटलं, की आपलं शरीर आता भाकर पेलतच नाही. आमच्या डॉक्टरांनी समजावलं ते इथे सांगतो. बरेच दिवस कर्ब मिळाले नाहीत की शरीर चरबी जाळायला सरावतं. स्नायू ग्लुकोज पटकन उचलत नाहीत, मेंदूसाठी राखून ठेवतात. अचानक भाकर आली की पहिले काही दिवस साखर जास्त चढते. याच कारणानं तोंडी ग्लुकोज चाचणीच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्ब खायला सांगतात, नाहीतर चांगल्या माणसाचाही रिपोर्ट डायबेटिसचा येऊ शकतो. मग मी थोडं थोडं रोज, एकाच वेळी खात गेलो, आणि आकडा खाली येत १५०-१६० वर थांबला. म्हणून पहिल्याच दिवसाच्या आकड्यावरून निकाल लावू नका.

दुसरी भीती वजनाची. पहिल्या आठवड्यातच काटा दीड किलोनं वर गेला. ती चरबी नव्हती. शरीर ग्लुकोज ग्लायकोजनच्या रूपात साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. लो-कार्ब सुरू करताना पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरलं होतं, तेच पाणी परत आलं. पुढं वजन तिथंच राहिलं. इथं हिंमत सोडून लोक एकतर परत सगळं बंद करतात किंवा "जाऊ दे" म्हणून सगळंच खायला लागतात.

आणि ताटातला क्रम बदलला. आधी भाजी आणि उसळ किंवा अंडं, भाकर शेवटी. पीठ तेच, आकडा माझ्या मीटरवर २०-३० नं कमी. जेवल्यावर पंधरा मिनिटं बागेत फेरी. यात पैसा लागत नाही.

केटो_कायम

वरूडची_बाग, आकड्यांसकट लिहिलंत, आवडलं. क्रमाचा मुद्दा मलाही पटतो. माझा आक्षेप शिस्तीचा होता आणि तो मी सोडत नाही. ज्याला तीस ग्रॅमवर थांबता येतं त्यानं खावं. मला नाही थांबता येत, म्हणून माझ्यासाठी शून्यच सोपं आहे.

काळीमाती

हे मान्य. प्रत्येकाचा स्वभाव बघूनच ठरवावं.

बुलडाणा_घाटाखाली

दोन वेळ जेवणाचं कुणीच काढलं नाही अजून. नागपूरचे स्व. डॉ. श्रीकांत जिचकार सांगायचे आणि पुढं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोहोचवलं, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत. आमच्या गावात अर्धे लोक तेच करतात. त्यात भाकर बंद करावी लागत नाही. पूर्णाकाठ भाऊंनी ते करून बघावं.

सिस्टर_वर्धा

ज्याची गोळी चालू नाही त्यानं करायला माझी हरकत नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं मध्ये आठ-दहा तास उपाशी राहून वावरात काम करणं, डोस न बदलता, हे करू नये. आमच्याकडे बेशुद्ध होऊन आलेले पेशंट मी पाहिले आहेत.

भट्टीवाला_दारव्हा

ब्रेडचा प्रश्न मागंच राहिला. माझी यवतमाळ जिल्ह्यात छोटी बेकरी आहे, मी रोज पाव-टोस्ट-खारी काढतो, म्हणून सरळ सांगतो.

साधा पाव मैद्याचा. "ब्राउन ब्रेड" नावानं जे मिळतं त्यातलं बरंचसं मैद्याचंच असतं, थोडी कणीक किंवा कोंडा, आणि रंगाला कॅरामल. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं, असा नियम आहे. पहिलं नाव "रिफाइंड व्हीट फ्लोअर" किंवा मैदा असेल तर तो मैद्याचा ब्रेड, वरचं चित्र काहीही असो. यादीत साखर आणि कॅरामल कलरही शोधा.

निव्वळ कणकेचा ब्रेड आम्हाला का जमत नाही? कणकेतल्या कोंड्याचे कण ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी कापतात, पीठ फुगत नाही, लादी दडस होते आणि गिऱ्हाईक म्हणतं शिळा आहे. म्हणून मैदा मिसळतात. काही जण वरून सुकं ग्लुटेन घालून फुगवतात, तो बरा, पण महाग पडतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळं ज्वारीचा ब्रेड म्हणून जो विकतात त्यात मैदा किंवा कणीक किती आहे ते विचाराच.

एका स्लाइसचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास, त्यात १२-१३ ग्रॅम कर्ब. दोन स्लाइस म्हणजे दीड फुलका. आकडा वाईट नाही, पण चावायला काही लागत नाही, पोट भरत नाही आणि लोक चार खातात, वर चहा. टोस्ट-खारी तर शुगरवाल्यांनी घेऊच नये, खारीत मैद्याबरोबर चरबीही भरपूर लागते. माझाच माल आहे, पण माझ्या वडिलांना शुगर आहे आणि त्यांना मी देत नाही.

डवरा_फेर

भट्टीवाला भाऊ, असा बेकरीवाला प्रत्येक गावात पाहिजे.

झाडीपट्टी

आम्ही भंडाऱ्याकडले, धानाचा मुलूख. इथं भाकर-पोळीचं बोलता, आमच्याकडं तिन्ही वेळा भात. आमच्याच भागात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी धानाचा एचएमटी वाण शोधला, तो तांदूळ देशभर गेला. भात सोडा म्हणणं म्हणजे जेवणच सोडा म्हणणं आहे. ज्यांना भात परत आणायचा त्यांनी काय करावं?

आणि सिस्टरना एक विचारायचं आहे. माझ्या बहिणीला सिकलसेल आहे. तिचं एचबीए१सी ५.१ आलं, पण घरच्या मीटरवर जेवणानंतर २३०-२४० दिसते. कोणतं खरं?

सिस्टर_वर्धा

झाडीपट्टी, बरं झालं विचारलंत, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत असायला हवं. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर. नॉर्मल तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ती चाचणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. सिकलसेलच्या आजारात पेशी फार लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. बहिणीच्या बाबतीत मीटर खरं मानायचं. प्रयोगशाळेत उपाशी आणि जेवणानंतरची साखर करून घ्या आणि डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन चाचणीबद्दल विचारा. नुसते वाहक असलेल्यांनाही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो, म्हणून लॅबला आधी सांगावं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागात सिकलसेल बराच आहे. एचबीए१सी छान आलं म्हणून निर्धास्त राहिलेले पेशंट उशिरा कळतात. बहिणीला या आठवड्यातच दाखवा.

झाडीपट्टी

सोमवारी नेतो. खूप आभार सिस्टर.

पूर्णाकाठ

मंडळी, उशिरा लिहितोय, पेरणी चालू होती. सिस्टरचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. वावरात साडेदहाला हात थरथरायला लागले तेव्हा धुऱ्यावर बसून मोजलं, ६१ होती. साखर-पाणी घेतलं, थोड्या वेळानं ९४. डॉक्टरांना आकडे दाखवले. त्यांनी ग्लिमेपिराइड काढून नुसती मेटफॉर्मिन ठेवली आणि सकाळी थोडी भाकर घ्यायला परवानगी दिली. क्रिएटिनिन १.० आलं, लघवीत अल्ब्युमिन नाही. अंडी चालतील म्हणाले, पाणी भरपूर प्या म्हणाले.

मुलीनं वजनकाटा आणला. आमच्या घरची भाकर ९२ ग्रॅम पिठाची निघाली! आता ३० ग्रॅमची वेगळी थापतात. सकाळी वावरात जायच्या आधी मेथी किंवा चवळीची उसळ, एक अंडं, मग ती भाकर. पहिल्या दिवशी दोन तासांनी १८८ आली, वरूडच्या भाऊंचं वाचलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. कालची १४६. साडेदहाचा त्रास थांबला. दुपारी अजून भाकर नाही, रात्रीही नाही. ब्रेड बंद, मुलीनं पाकीट वाचलं, पहिलं नाव मैद्याचंच होतं.

आता आई माझ्याबरोबर सकाळी जेवते.

ठेचा_भाकर

हे वाचून लय बरं वाटलं भाऊ. मीबी काल मीटर आनलं. नंबर सांगत नाही, पन चहातली साखर काढली.

वरूडची_बाग

१४६ उत्तम. ज्यांना डायबेटिस आहे त्यांना जेवणानंतर १८० च्या आत राहायला सांगतात. दुपारची भाकर वाढवायची झाली तर सकाळचे आकडे स्थिर झाल्यावरच वाढवा, दोन्ही एकदम नको. आणि दोन तास पहिल्या घासापासून धरा, हात धुतल्यापासून नाही.

ताट_तराजू

झाडीपट्टी, तुमचं उत्तर राहिलं होतं. भातालाही तोच नियम, कोरडा तांदूळ मोजा. २५ ग्रॅम तांदूळ म्हणजे २० ग्रॅम कर्ब, शिजून लहान वाटीभर होतो. आधी भाजी आणि घट्ट वरण खाऊन मग भात, किंवा त्यात मूग-चवळी घालून खिचडी. तिन्ही वेळचा भात एकदम नका आणू, एका वेळेपासून सुरू करा. तुमच्याकडं ताटाचा अर्धा भाग भाताचा असतो, तो भाजीचा करायचा, हे सगळ्यात अवघड जाईल.

पूर्णाकाठ

सिस्टर, पुढचं एचबीए१सी कधी करू? भाकरीचा परिणाम लगेच दिसेल का?

सिस्टर_वर्धा

भाकर सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी. आधी केलंत तर जुन्या दिवसांची सरासरी त्यात मिसळलेली असेल. तोवर आठवड्यातून दोन-तीन वेळा जेवणानंतरची साखर वहीत लिहा, पट्ट्या महाग असतात, रोज वाया घालवू नका.

ठेचा_भाकर

तीन महिने म्हंजे पोळा येते मधात. पुरनपोळीच्या पयले रिपोर्ट करा भाऊ!

सिस्टर_वर्धा

एका दिवसाच्या पुरणपोळीनं तीन महिन्यांची सरासरी हलत नाही. एक खा, आधी कढी आणि भाजी घ्या, संध्याकाळी बैलांबरोबर चालत तोरणाखाली जा. रिपोर्ट नंतरच करा.